ऊन आहे, पण कोरडं आहे

आम्ही फीनिक्सला राहायला जाणार हे कळल्यावर अकोल्याच्या आत्यानं पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या? विमाननगरच्या का?" तिचा मुलगा पुण्यात असतो, त्यामुळे फीनिक्स म्हणजे मॉल एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. मी म्हटलं, "नाही आत्या, अमेरिकेतलं. ॲरिझोना." आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पण तिथेही एसी असेलच ना?"

तेव्हा मी हसलो होतो. आता तीन उन्हाळे काढल्यावर सांगतो, या शहराचं याहून नेमकं वर्णन मला अजून कुठे सापडलेलं नाही. मॉलच आहे तो. आत गारेगार, बाहेर पार्किंग.

जायचं कारण बायकोची नोकरी. फीनिक्सला चिकटून, पुण्याला पिंपरी चिकटावी तसं, चँडलर नावाचं गाव आहे. तिथल्या एका चिप बनवायच्या कारखान्यात ती असते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा आणि जिथे धुळीचा एक कण चालत नाही अशा खोलीत दिवसभर काम करायचं. मी घरून काम करतो. माझी कंपनी न्यू जर्सीत, साहेबही तिथेच, आणि ज्यांच्याकडून मी काम करून घेतो (म्हणजे जे माझ्याकडून करून घेतात) ती मंडळी पुण्यात. अशा माणसानं राहावं कुठे याला काही नियम नाही. बायकोची बदली जिथे होईल तिथे तो पंखा, पाटा-वरवंटा आणि लॅपटॉप घेऊन जातो.

उन्हाची मला धास्ती नव्हती. मी अकोल्याचा आहे. आमच्या लहानपणी मे महिन्यात विदर्भातल्या गावांची तापमानं आम्ही क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचायचो. अकोला पंचेचाळीस झाले की छाती फुगायची. दुसऱ्या दिवशी तिकडे चंद्रपूरनं सेहेचाळीस मारले की आमच्या गल्लीत सुतक. नवतपा सुरू झाला की आई खिशात कांदा घालायची, डोक्याला दुपट्टा बांधायची आणि तरीही आम्ही दुपारी दोनला क्रिकेट खेळायचो. पुण्यामुंबईची माणसं अडतीस अंशांना "काय उकडतंय" म्हणाली की आम्ही फक्त एकमेकांकडे बघायचो. त्यात सगळं आलं.

तर हा अहंकार घेऊन मी जून महिन्यात फीनिक्सला उतरलो.

इथला धावफलक फॅरनहाइटमध्ये असतो, त्यामुळे आधी काही कळतच नाही. एकशेदहा म्हणजे आपले त्रेचाळीस. ते ठीक आहे, त्रेचाळीस आपण चहा पिता पिता काढतो. पण २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस इथला पारा रोज एकशेदहाला टेकला किंवा त्याच्या वर गेला. मधे विश्रांतीचा दिवस नाही, ढग नाही, वळीव नाही. पुढच्याच वर्षी शंभर किंवा त्याहून जास्तीचे सलग ११३ दिवस झाले. आणि २६ जून १९९० रोजी हा पारा १२२ वर गेला होता, म्हणजे ५० अंश. त्या दिवशी विमानतळावरची उड्डाणं काही वेळ थांबवली, कारण एवढ्या उष्णतेत विमान कसं उडतं याची आकडेमोड विमानांसोबतच्या तक्त्यांत दिलेलीच नव्हती. गरम हवा विरळ असते, पंखांना पुरेसा आधार मिळत नाही. २०१७ च्या जूनमध्येही लहान विमानं अशीच जमिनीवर बसून राहिली. त्यांची मर्यादा ११८ अंशांची होती आणि हवा त्याच्या वर होती. अकोल्यात उन्हानं म्हशी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. विमान बसतं हे नवीन होतं. मी मनातल्या मनात दुपट्टा काढून ठेवला.

पण पूर्ण शरणागती दुसऱ्या दिवशी पत्करली. घरात दूध नव्हतं. दुकान दहा मिनिटांवर. अकोल्यातला माणूस दहा मिनिटांसाठी गाडी काढत नाही. दुपट्टा बांधला, खिशात कांदा टाकला आणि निघालो. रस्ता रुंद, स्वच्छ, दोन्ही बाजूंना सुंदर पदपथ, आणि त्यावर एकही माणूस नाही. माणूस सोडा, कुत्रं नाही. संचारबंदीत तरी पोलीस असतात. पाचव्या मिनिटाला एक गाडी थांबली. बाईंनी काच दोन बोटं खाली करून विचारलं, "तुमची गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही, दुधाला चाललोय." त्यांनी माझ्याकडे, मग दुपट्ट्याकडे पाहिलं, आणि पाण्याची बाटली दिली. दोन मिनिटांनी दुसरी गाडी. तोच प्रश्न, तीच बाटली. दुकानापर्यंत पोचेस्तो माझ्याकडे तीन बाटल्या झाल्या. आपल्याकडे तहानलेला पाणपोईपाशी जातो. इथे पाणपोई चाकांवर तहानलेल्याला शोधत येते, कारण चालणारा माणूस म्हणजे नक्की काहीतरी अघटित घडलेलं असणार.

घरी आलो तर शेजारचे आजोबा गॅरेजच्या सावलीत उभे. मूळचे मिनेसोटाचे. तिकडचा बर्फ उपसून उपसून कंबर गेली म्हणून निवृत्तीनंतर इथे आलेले. माझा लालबुंद चेहरा पाहून त्यांनी मला ते वाक्य ऐकवलं जे या शहरात प्रत्येक नवख्याला ऐकवलं जातं, आणि बहुधा जन्मलेल्या मुलाच्या कानातही सांगतात: "ऊन आहे, पण कोरडं आहे."

या वाक्यावर मी बराच विचार केलेला आहे. शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. हवेत दमटपणा नसला की घाम लगेच उडून जातो आणि अंग गार राहतं. मुंबईत बत्तीस अंशांना माणूस ओल्या पोत्यासारखा होतो, तसं इथे होत नाही. घाम येतो, पण दिसायच्या आधी गायब. दर महिन्याच्या पगाराचा अनुभव असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. धोकाही तोच. गेलेलं कळत नाही, एकदम खडखडाट झाल्यावरच कळतं. पण सांत्वन म्हणून हे वाक्य मला कधी पटलं नाही. तंदूरही कोरडाच असतो. कोंबडीला त्याचं काही वाटतं का?

आता घरून काम करण्याविषयी. न्यू जर्सीच्या साहेबांची अशी ठाम समजूत आहे की मी दिवसभर तलावाच्या काठी, छत्रीखाली, पेल्यात उभी काडी घालून बसलेला असतो. वसाहतीत पोहण्याचा तलाव आहे हे खरं. पण जुलैत त्याचं पाणी बंबातून काढल्यासारखं असतं, त्यात उतरायचं तर साबण घेऊन उतरावं. नळाचंही तेच. उन्हाळाभर निळ्या खुणेच्या नळातून गरम पाणी येतं आणि तांबड्या खुणेच्या नळातून जास्त गरम. एकदा मात्र साहेबांची समजूत खरी करावी म्हणून मी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो. सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे आमच्या हिशेबानं कोवळं ऊन. सातव्या मिनिटाला फोनवर एक पाटी आली: तापमान फार आहे, मला थंड होऊ द्या, तोवर माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. नोकरीत इतकी वर्षं झाली, हे वाक्य साहेबांना म्हणायची माझी छाती झाली नाही. फोननं दोन ओळींत म्हणून टाकलं.

त्यामुळे मी आत बसतो. आणि आत थंडी असते. बाहेर शेहेचाळीस आणि आत बावीस, वरून एसीचा झरोका बरोबर माझ्या मानेवर. त्या झरोक्याची दिशा बदलता येते असं बायको म्हणते. मला तीन वर्षांत जमलेलं नाही. म्हणून मी अंगात स्वेटर घालून बसतो. पुण्याची मंडळी पडद्यावर दिसतात ती पंख्याखाली, कपाळाला रुमाल लावत. "सर, फार थंडी आहे का तिकडे?" असं एका नव्या मुलीनं विचारलं. मी तापमान सांगितलं. ती गप्प झाली. त्यानंतर ती माझ्या सगळ्याच आकड्यांकडे संशयानं बघते.

या एसीला जी वीज लागते तिची कथाही ऐकण्यासारखी आहे. फीनिक्सच्या पश्चिमेला पालो व्हेर्दे नावाचं मोठं अणुवीज केंद्र आहे. अशी केंद्रं समुद्राच्या किंवा नदीच्या काठी बांधतात, कारण थंड करायला भरपूर पाणी लागतं. इथे वाळवंट. तेव्हा शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते तिथे नेतात आणि त्यावर अणुभट्ट्यांचं भागवतात. म्हणजे मी सकाळी जे करतो, त्याचा माझ्या दुपारच्या गारव्याशी थेट संबंध आहे. आई इथे आल्यावर ही माहिती तिला सांगितली, तेव्हा तिनं दोन दिवस एसी बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी स्वतःच लावला आणि विषय कायमचा मिटला.

घरून काम करणाऱ्याची खरी परीक्षा असते घड्याळाची. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात मागे. उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून. ॲरिझोनानं हा प्रयोग १९६७ साली एकदा करून पाहिला आणि पुढच्या वर्षी हात जोडले. संध्याकाळी आणखी तासभर ऊन मिळेल, हे आमिष तुम्ही कुणाला दाखवताय? अकोल्याच्या माणसाला उन्हाळ्यात ब्लँकेट बक्षीस देण्यातला प्रकार. तेव्हापासून इथलं घड्याळ हलत नाही. राज्याच्या ईशान्येला नावाहो लोकांचा मोठा प्रदेश आहे, तिथे मात्र हलतं. आणि त्या प्रदेशाच्या पोटात होपी लोकांचा मुलूख आहे, तिथे पुन्हा हलत नाही. उन्हाळ्यात तिकडून गाडीनं गेलात तर मनगटावरच्या घड्याळाला फिट येते.

भारतातही घड्याळ हलत नाही. त्यामुळे अख्ख्या कंपनीत मी आणि पुणे, एवढेच दोन स्थितप्रज्ञ. न्यू जर्सीतल्या सकाळी आठच्या मीटिंगला उन्हाळ्यात माझे पाच वाजलेले असतात आणि पुण्याचे साडेपाच. नोव्हेंबर उजाडला की आपण काहीही न करता माझे सहा होतात आणि पुण्याचे साडेसहा. साहेब दर वर्षी म्हणतात, "तुमच्याकडची वेळ बदलली ना आता?" आम्ही दोन्ही टोकांकडून एका सुरात सांगतो, "नाही साहेब, तुमची बदलली." पृथ्वी फिरते की सूर्य, यावरून पूर्वी काय काय झालं ते आठवून आम्ही जास्त ताणत नाही.

पुणे आणि फीनिक्समध्ये बारा महिने साडेबारा तासांचं अंतर. हिशेब एकदम सोपा. आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवायचा आणि दिवसाची रात्र करायची. रात्री नऊला मी कामाला बसतो तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ. आईला ही युक्ती शिकवली तेव्हापासून ती आत्याशी बोलताना इकडची वेळ सांगतच नाही. "साडेनऊ झाले, आता भाजी टाकते," असं ती रात्री नऊ वाजता खिचडीसमोर बसून म्हणते.

या रात्रपाळीत मला सोबत आहे ती समोरच्या सग्वारोची. सग्वारो म्हणजे सिनेमात दिसतो तो हात वर केलेला निवडुंग. हा हात उगवायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. म्हणजे बढतीच्या बाबतीत तो माझ्याही मागे आहे. हा प्राणी (मला तो झाड वाटतच नाही) दिवसा तोंड मिटून उभा राहतो. पाणी उडून जाऊ नये म्हणून अंगावरची सगळी छिद्रं बंद, आणि श्वासोच्छ्वासाचा सगळा व्यवहार रात्री, गार झाल्यावर. पुण्याची वेळ पाळणारा हा इथला सर्वात जुना कर्मचारी. २०२३ च्या त्या जुलैत रात्रीही गार होईनात, तेव्हा कित्येक सग्वारो हात गळून, कोसळून पडले. हे वाचल्यावर मी कंपनीला रात्रपाळीच्या भत्त्याबद्दल एक पत्र लिहिलं होतं. उत्तर यायचंय.

अकोल्याचा माणूस परगावी पहिल्यांदा काय शोधतो? कूलर. इथे जुन्या वस्तीतल्या घरांच्या छपरांवर मला ते पत्र्याचे चौकोनी डबे दिसले आणि डोळे भरून आले. तीच जाळी, तोच लाकडाच्या किसाचा वाळलेला पेंढा, तोच क्षारांचा पांढरा थर. चौकशी केली तर कळलं, १९३० च्या दशकात एसी घराघरांत यायच्या आधी ॲरिझोनाची माणसं याच यंत्रावर जगली. घरगुती कूलर इथेच वाढला. म्हणजे ज्या वस्तूला आम्ही अकोल्याची ग्रामदेवता समजत होतो तिचं माहेर हे. पण गंमत पुढे आहे. आपण अकोल्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्याशार जमिनीवर बसून, त्याला डेझर्ट कूलर म्हणतो. वाळवंटाचा कूलर. आणि हे लोक ऐन वाळवंटात बसून त्याला स्वॅम्प कूलर म्हणतात. दलदलीचा. जो तो आपल्याकडे नसलेल्या गोष्टीचं नाव देऊन मोकळा.

मार्चमध्ये आई आली, सहा महिन्यांसाठी. पहिल्या दिवशी तिनं अंगणात हात पुढे करून हवा बोटांत चोळून पाहिली, जसं दुकानात कापड बघतात. आणि मला म्हणाली, "काय रे, इथे कुरड्या करत नाहीत का कोणी?"

वाळवणाच्या दृष्टीनं या शहराकडे आजवर कुणी पाहिलेलंच नव्हतं. अकोल्यात सांडग्यांना दोन दिवस लागतात, मधे आभाळ भरून आलं तर चार. इथे आईनं सकाळी सात वाजता सांडगे घातले आणि दहाला ते खडखड वाजत होते. तिनं पुन्हा एकदा तपासले. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तीन वर्षं मी सोन्याच्या खाणीवर बसून लॅपटॉप चालवत होतो. त्यानंतर तिला थांबवणं शक्य नव्हतं. गहू भिजले, चीक निघाला, कुरड्या झाल्या. बटाट्याचे पापड, साबुदाण्याचे पापड, मुगवड्या. घरापुढच्या काँक्रीटवर, जिथे गाडी लावायची असते, तिथे फुलाफुलांची जुनी लुगडी अंथरली गेली. वरून ऊन, खालून तापलेलं काँक्रीट. "दोन्हीकडून वाळतात बाप्पा," आई म्हणाली. गाडी रस्त्यावर गेली.

अडचण एकच होती. राखणीला कोणी नव्हतं. आपल्याकडे वाळवण म्हणजे चार बायका, एक काठी, कावळे हाकलणारी दोन पोरं आणि ओले सांडगे पळवणारी तिसरी पोरं. इथे आई एकटी, गॅरेजच्या सावलीत खुर्ची टाकून. कावळ्यांऐवजी कपाळावर तुरा असलेले गुबगुबीत लावे यायचे, रांगेनं, मागे पिल्लं घेऊन. आई त्यांना वऱ्हाडीत हाकलायची. "चाल निंग! काहून आला रे इकडे?" लाव्यांना ते समजायचं. मिनेसोटाच्या आजोबांना समजायचं नाही, पण ते आपल्या गॅरेजमधून रोज ऐकत असत आणि चार दिवसांनी त्यांनीही लाव्यांना "निंग" म्हणायला सुरुवात केली.

पाचव्या दिवशी वसाहतीच्या संघटनेचं पत्र आलं. इथे अशा वसाहतींत घराला रंग कोणता द्यायचा, कचऱ्याचा डबा किती वाजेपर्यंत बाहेर ठेवायचा, कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही, हे सगळं संघटना ठरवते. (नाही घालायचे. ज्या शहरात ओला टॉवेल दारापासून दोरीपर्यंत नेता नेता वाळतो, तिथे लोक कपडे विजेच्या यंत्रात वाळवतात. यावर मी काही बोलणार नाही.) पत्रासोबत फोटो होता. खाली लिहिलं होतं: दर्शनी भागात कापड पसरून त्यावर अनोळखी सेंद्रिय पदार्थ ठेवलेले आढळले, चौदा दिवसांत काढावेत. आईला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, "चौदा दिवस कायले पाहिजेत? दहा वाजेपर्यंत काढतो म्हणावं."

मी मागच्या अंगणात जायचं सुचवलं. तिथे दुपारपर्यंत भिंतीची सावली असते, म्हणून तिनं ते फेटाळलं. उलट दोन आठवडे खिडकीत बसून तिनं असं हेरलं की संघटनेची पांढरी गाडी फेरी मारते ती फक्त सकाळी. तेव्हापासून वाळवणाची दुसरी पाळी सुरू झाली. संध्याकाळी पाचला घालायचं, अंधार पडेस्तोवर काढायचं. संध्याकाळीही काँक्रीट तव्यासारखं असतं. आमच्या घरात आता तीन जण पाळीत काम करत होते, आणि माझ्याखेरीज दोघींचं उत्पादन दिसत होतं.

जुलैचा दुसरा आठवडा. इथेही मान्सून असतो, आणि त्याच नावानं. सरकारी कॅलेंडरात तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा छापलेला आहे. वर्षाचा एकूण पाऊस सात इंचांच्या आसपास, त्यातला थोडा या दिवसांत. एवढा पाऊस मुंबईत जुलैच्या एका दिवसात पडला तर लोकल थोड्या उशिरानं धावतात, इतकंच. पण पावसाच्या पुढे चालत येते ती धुळीची भिंत. तिला हबूब म्हणतात. शब्द अरबी. ५ जुलै २०११ ला एक प्रचंड हबूब शहरावर आला, तेव्हा काही नागरिकांनी वर्तमानपत्राला पत्रं लिहिली की आमच्या वादळाला परका अरबी शब्द कशाला. मान्सून हा शब्दही अरबीतूनच आलाय, हे त्यांना कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. धूळ दोन्ही नावांनी तितकीच आत येते.

तर जुलैच्या त्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सहाला मी मीटिंगमध्ये होतो. न्यू जर्सीत रात्रीचे नऊ. काहीतरी मोठं बिघडलं होतं, त्यामुळे सगळे जमले होते. पुण्याची मंडळीही सकाळी साडेसहाला उठून, केस न विंचरता आलेली. तेवढ्यात माझा फोन किंचाळला. मग आतल्या खोलीतला टॅब. मग भिंतीपलीकडून आजोबांचा फोन. धुळीच्या वादळाचा इशारा. खिडकीतून पाहिलं तर दक्षिणेकडे, घरांच्या वर, सातपुड्याची अख्खी रांग उभी राहिल्यासारखी तपकिरी भिंत. आणि ती चालत होती.

बाहेरून आईची आरोळी आली. "अरे, पापड!"

ही आरोळी ज्यानं लहानपणी ऐकलीय तो पुढे विचार करत नाही, त्याचे पाय करतात. मी स्वेटरसकट बाहेर धावलो. काँक्रीटवर तीन लुगडी, दोनशेच्या वर बटाट्याचे पापड, अर्धे ओले. आई एका टोकाला. मी दुसऱ्या. आजोबा गॅरेजमधून कंबर धरत आले आणि एक शब्दही न विचारता तिसरं टोक उचललं. समोरच्या घराचं दार उघडलं आणि आतून चार मुलं बाहेर आली. त्या घरात मुलं आहेत हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. त्यांच्यामागून त्यांची आई ओव्हनमधून केक काढायचा ट्रे घेऊन. डावीकडच्या घरातून एक तरुण, ज्याची फक्त गाडी मी ओळखत होतो. कोपऱ्यावरच्या बाई कुत्र्यासह, कुत्र्याच्या चारही पायांत बूट. आई वऱ्हाडीत हुकूम सोडत होती आणि अख्खी गल्ली ते पाळत होती. "तसा नको धरू, फाटून राहिला तो!" भिंत पहिल्या घरापर्यंत आली तेव्हा शेवटचं लुगडं गॅरेजमध्ये पोचलं. मी शटर खाली घेतलं. आत अंधार, दोन गाड्यांची जागा, दहा माणसं, एक कुत्रा आणि दोनशे पापड. बाहेर कुणीतरी पत्र्यावर वाळू ओतत असल्यासारखा आवाज.

सगळे एकदम बोलायला लागले. उन्हाबद्दलच. विजेचं बिल, गाडीची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी कशी मरते, पट्ट्याचा खटका कसा चटका देतो, मागच्या वर्षी कसं यापेक्षा वाईट होतं. मी कुणाला न विचारता सगळ्यांना माठातलं पाणी दिलं. लाईट गेले असते तर मी खरोखरच अकोल्यात स्लॅबवर आहे असं वाटलं असतं. लाईट गेले, तेव्हा वाटलंच.

मीटिंग चालू होती. कानातलं तसंच कानात राहिलं होतं. साहेब म्हणत होते, "हा गोंधळ कसला आहे? सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "पाऊस येतोय." साहेब म्हणाले, "आमच्याकडे काल पडला." पुण्याकडून मात्र एका क्षणात आवाज आला, तीच नवी मुलगी: "सर, वाळवण आत घेतलं का?"

पाऊस दहा मिनिटं पडला. नंतर शटर वर केलं तेव्हा सगळीकडे ओल्या झुडपांचा कडवट, औषधी वास. इथले लोक त्याला पावसाचाच वास म्हणतात. आजोबांनी तळहात पुढे केला, कपाळ पुसलं आणि नाराजीनं म्हणाले, "आता दमट झालं." बायको कारखान्यातून आली. दिवसभर एकही कण न शिवलेली ती बाई गाडीपासून घरापर्यंतच्या पाच पावलांत बेसनासारखी झाली होती.

रात्री लाईट आल्यावर आईनं गॅरेजमध्येच, पांढरी गाडी कधीच पाहू शकणार नाही अशा ठिकाणी, लुगडी पुन्हा पसरली. उन्हाळ्यात गॅरेज रात्रीही भट्टीसारखं असतं. साडेबाराला ती उठून पापड वाजवून आली आणि आत्याला फोन लावला. तिकडे दुपारचा एक. आत्या पलंगावर पंख्याखाली.

"वाळले गं सगळे," आई म्हणाली.

"आता? मघा तर म्हणत होतीस वादळ आलं. ऊन पडलं का मग?"

आईनं दारातून बाहेर पाहिलं. समोरचा सग्वारो हात वर करून उभा होता.

"अंधार आहे बाई," ती म्हणाली. "पण कोरडा आहे."